दोन बाइट, सहाशे नॅनोसेकंद

ऑगस्ट १९८४मध्ये आयबीएमने पीसी-एटी हा संगणक बाजारात आणला आणि त्यात एक उलटंच काम केलं. आधीच्या पीसी-एक्सटीत हार्ड डिस्कवरची माहिती मेमरीत नेऊन टाकायला एक वेगळी चिप होती. प्रोसेसरला त्यात हात घालावा लागत नसे. या पद्धतीचं नाव डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, तोंडी भाषेत डीएमए. एटीतला ८०२८६ प्रोसेसर नवा, जास्त दमाचा आणि महागाचा. तरी डिस्कची हमाली आयबीएमने त्याच्याच डोक्यावर दिली.

कारण साध्या हिशेबाचं होतं. एटीतली डीएमए चिप ३ मेगाहर्ट्‌झवर चाले, म्हणजे एक्सटीतल्या ४.७७पेक्षाही सावकाश. उलट ८०२८६ला एकाच आज्ञेत दोन-दोन बाइट एकामागून एक उचलता येत. हमालापेक्षा मालकच भराभर पोती उचलत असेल तर हमाल ठेवायचा कशाला? प्रोसेसरने स्वतः माहिती वाहण्याच्या या पद्धतीला प्रोग्रॅम्ड इनपुट-आउटपुट म्हणतात, थोडक्यात पीआयओ. पुढची वीस वर्षं घरोघरीच्या संगणकांत जो घोळ चालला, त्याची एक मुळी इथे आहे.

मालक पोती उचलण्यात गुंतला की गल्ल्यावर कुणी नसतं, हे तेव्हा कुणाला फारसं खटकलं नाही. पोतीच मुळात कमी येत होती.

किती कमी, ते पाहण्यासारखं आहे. एक्सटीतली १० मेगाबाइटची डिस्क सीगेटची एसटी-४१२. तबकडी मिनिटाला ३,६०० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला ६०. एका वर्तुळात १७ सेक्टर, प्रत्येकात ५१२ बाइट. गुणाकार केला तर सेकंदाला ५,२२,२४० बाइट. पण त्या डिस्कच्या कागदांवर आकडा होता सेकंदाला ५० लाख बिट. आठाने भागले की ६,२५,००० बाइट. मधले लाखभर बाइट गेले कुठे? सेक्टरांमधली मोकळी जागा, प्रत्येक सेक्टरचा पत्ता, चूक पकडण्याचे जादा बिट, यांत. बरं, ५,२२,२४० तरी हाती येत होते का? तेही नाही. एक सेक्टर वाचून तो पुढे पोचवेपर्यंत लगतचा सेक्टर वाचणाऱ्या डोक्याखालून निघून जाई आणि मग अख्खा फेरा थांबावं लागे. म्हणून सेक्टरांचे क्रमांक लगोलग न घालता अंतर सोडून घालत. एक्सटीत सहास एक, एटीत तिनास एक. म्हणजे एक वर्तुळ वाचायला एक्सटीला सहा फेरे. ५,२२,२४०ला सहाने भागा: ८७,०४०.

एकच डिस्क. सव्वासहा लाख, सव्वापाच लाख, सत्त्याऐंशी हजार. तिन्ही आकडे खरे, आणि विकणाऱ्याच्या तोंडी कुठला येणार हे सांगायला नको.

१९८६मध्ये कॉम्पॅकने वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांना हाताशी धरून डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे तिचा सगळा कारभार पाहणारं सर्किट, संगणकातल्या वेगळ्या कार्डावरून उचलून थेट डिस्कच्याच पाठीवर बसवलं. राहिली ती चाळीस तारांची एक पट्टी, आणि ती जवळजवळ सरळ एटीच्या बसला, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डं जोडणाऱ्या तारांच्या वाटेला, जोडलेली. यालाच आयडीई म्हणू लागले. कारभार डिस्कवर मावायचा तर तो मोजक्या चिपांत बसायला हवा होता, आणि तिथे एक ओळखीचं आडनाव येतं. जमशेदपूरला जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत आणि मग एमआयटीत शिकलेले सुहास पाटील यांनी अमेरिकेत युटामध्ये १९८१ साली पाटील सिस्टिम्स काढली. तीच पुढे कॅलिफोर्नियात सिरस लॉजिक झाली. डिस्क कंट्रोलरच्या चिपा हा या कंपनीचा सुरुवातीचा मोठा धंदा. कॉम्पॅकच्या भांडवलाच्या आधारावर उभी राहिलेली कॉनर पेरिफेरल्स ही तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक, आणि आयडीई डिस्क घरोघरी नेणाऱ्यांत कॉनरचं नाव वरचं.

लवकरच प्रत्येक कंपनीची आयडीई थोडी थोडी वेगळी निघू लागली. एकाच पट्टीवर एका कंपनीची डिस्क मास्टर (मुख्य) आणि दुसऱ्या कंपनीची स्लेव्ह (दुय्यम) म्हणून लावली की दोघी बोलेनात. तेव्हा एका समितीने बसून नियम लिहायला घेतले. ते १९९४मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झाले. कागदोपत्री नाव एटीए. यातलं ‘एटी’ हे त्या जुन्या पीसी-एटीचंच.

या मानकाची गंमत अशी की त्यात वेग लिहिण्याऐवजी वेळ लिहिली होती. दोन बाइटांची एक खेप तारेवरून न्यायला कमीत कमी किती नॅनोसेकंद द्यायचे, एवढंच. पीआयओ मोड शून्य: ६०० नॅनोसेकंद. मोड एक: ३८३. मोड दोन: २४०. डिस्क बनवणाऱ्या इंजिनिअरला तेवढंच हवं असतं. तार कधी वर न्यायची, कधी खाली आणायची, मध्ये किती थांबायचं. मेगाबाइटचा आकडा त्याच्या उपयोगाचा नव्हता.

विकणाऱ्याला मात्र तोच हवा होता, आणि तो त्रैराशिकाने निघत होता. सेकंदात १०० कोटी नॅनोसेकंद. त्याला ६००ने भागलं की १६ लाख ६६ हजार खेपा. प्रत्येक खेपेला दोन बाइट, म्हणजे ३३ लाख ३३ हजार. झाला आकडा: सेकंदाला ३.३ मेगाबाइट. तसंच ३८३चे ५.२, २४०चे ८.३. पुढे मोड तीन आला १८० नॅनोसेकंदांचा आणि मोड चार १२०चा, त्यांचे ११.१ आणि १६.७. जुन्या पुस्तकांतून, मदरबोर्डाच्या माहितीपत्रकांतून हे आकडे असे छापले जात की कुणीतरी घड्याळ लावून मोजले असावेत. ते मोजलेले नव्हते. एका खेपेपाठोपाठ दुसरी, मध्ये श्वास न घेता, सेकंदभर चालली तर काय होईल, याचं ते उत्तर होतं. प्रत्यक्षात दर ५१२ बाइटांनंतर प्रोसेसर थांबून ‘झालं का?’ असं विचारत असे. आणखी एक खोच: हा मेगाबाइट दहा लाखांचा. विंडोज १०,४८,५७६ बाइटांना एक मेगाबाइट धरतं; त्या मापाने १६.७चे १५.९च भरतात. याच दोन मापांमुळे त्या काळात एकाच मर्यादेची दोन नावं झाली होती. जुन्या बायॉसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या पायाभूत प्रोग्रॅमला, यापुढची डिस्क दिसत नाही, असं सांगताना कुणी ५२८ मेगाबाइट म्हणे, कुणी ५०४. दोन्ही म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट.

आता हे नॅनोसेकंद प्रत्यक्षात उतरवायचे कसे? इथे खरी कारागिरी होती. १९९२मध्ये इंटेलची पीसीआय बस आली. तिचं घड्याळ ३३ मेगाहर्ट्‌झचं, म्हणजे एक ठोका ३० नॅनोसेकंदांचा. डिस्क कंट्रोलरला अर्धा-पाव ठोका कळत नाही. पूर्ण ठोकेच मोजता येतात. आता मोडच्या वेळा पाहा. २४० म्हणजे आठ ठोके. १८० म्हणजे सहा. १२० म्हणजे चार. बरोब्बर. इंटेलच्या चिपांत या ठोक्यांचीही वाटणी लिहावी लागे; मोड तीनला तीन ठोके थांबून वाचायचं आणि तीन ठोके विसावा, मोड चारला तीन ठोके वाचन आणि विसावा एकच. मोड तीन आणि चार यांत एवढाच फरक होता. डिस्क तेवढीच झपाट्याने वाचायची. दम खायला दोन ठोके कमी मिळायचे.

पण पीसीआयच्या आधी ठरलेला मोड एक या पट्टीवर बसत नाही. ३८३ला ३०ने भागलं की पावणेतेराच्या किंचित वर. बारा ठोके दिले तर डिस्कला वेळ अपुरा, म्हणून तेरा द्यायचे. तेरा ठोके म्हणजे ३९० नॅनोसेकंद, आणि ५.२चे झाले ५.१. फरक नगण्य, कबूल. पण कागदावरचा वेग आणि यंत्रातला वेग यांच्यात ठोक्याच्या हिशेबाची एक फट असते, ती अशी पहिल्यांदा दिसते. पुढे ती रुंदावली.

नव्वदीच्या मध्यावर नावांचा बाजार भरला. वेस्टर्न डिजिटलने १९९४च्या सुमाराला ‘एन्हान्स्ड आयडीई’ म्हणायला सुरुवात केली. सीगेट आणि क्वांटम यांनी ‘फास्ट एटीए’ आणि मग ‘फास्ट एटीए-२’. आत माल तोच. पीआयओ तीन किंवा चार, सोबत डीएमएचे मोड. होय, डीएमए परत आला होता. या वेळी मदरबोर्डावरच्या म्हाताऱ्या चिपवर विसंबून न राहता पीसीआयवरचा कंट्रोलर स्वतः मेमरी गाठत होता. त्यातही दोन जाती होत्या. दर खेपेला परवानगी मागणारा सिंगल-वर्ड डीएमए, आणि एकदा परवानगी मिळाली की खेपा मारत राहणारा मल्टिवर्ड. पहिला इतका सुस्त की १९९७च्या एटीए-३ मानकातून त्याला काढूनच टाकलं. दुसऱ्याच्या मोड दोनची वेळ १२० नॅनोसेकंद, म्हणजे पुन्हा १६.७ मेगाबाइट. पीआयओ चार आणि मल्टिवर्ड दोन, वेगाचा आकडा तंतोतंत एक. मग दुकानात लोक विचारत, दोघांत फरक काय? फरक असा की एकात मालक पोती वाहत होता आणि दुसऱ्यात गल्ल्यावर बसला होता. मेगाबाइटच्या आकड्यात हे कुठेच उमटत नाही, आणि या सगळ्या आकडेमोडीतली सगळ्यात मोठी गळती हीच.

१९९७मध्ये क्वांटम आणि इंटेल यांच्या पुढाकाराने अल्ट्रा डीएमए आला. इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट त्याच्यासकट बाजारात उतरला. युक्ती सुरेख होती. घड्याळ वाढवलंच नाही. तार वर जाताना एक खेप आणि खाली येताना दुसरी. १२० नॅनोसेकंदांत जिथे दोन बाइट जात तिथे चार जाऊ लागले, तेही जुन्या चाळीस तारांच्या पट्टीवरून. १६.७चे ३३.३. शिवाय प्रत्येक देवाणघेवाणीच्या शेवटी सीआरसी नावाची बेरीज ताडून पाहायची सोय झाली. वाटेत एखादा बिट उलटला तर आता कळत होतं.

त्याच पिढीतला मोड एक मात्र फटीत सापडला. मानकाप्रमाणे त्याची खेप ८० नॅनोसेकंदांची, म्हणजे २५ मेगाबाइट. ३०च्या ठोक्यात ८० बसत नाही. इंटेलच्या चिपने तीन ठोके दिले, ९० नॅनोसेकंद. २५चे २२.२ झाले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०००मध्ये तसंच आणखी एकदा, वरच्या पायरीवर. अल्ट्रा डीएमए मोड पाचची खेप २० नॅनोसेकंदांची, वेग १०० मेगाबाइट. खोक्यावर ठळक अक्षरांत एटीए-१००. त्या वर्षीच्या इंटेलच्या आयसीएच-२ या चिपच्या कागदपत्रांत मात्र प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं: वाचताना १००, लिहिताना ८८.९. दोन बाइटांना ८८.९ने भागून पाहा. उत्तर येतं २२.५ नॅनोसेकंद. अडीच नॅनोसेकंदांची ही खोट चिपच्या कागदांत राहिली. खोक्यावर १००च छापलं गेलं.

अल्ट्रा डीएमए मोड तीनपासून पुढे जुनी पट्टी पुरेना. सिग्नल शेजारच्या तारेत झिरपू लागले. म्हणून ऐंशी तारांची पट्टी निघाली. जादाच्या चाळीसही तारा नुसत्या जमिनीला जोडलेल्या, दोन बोलणाऱ्यांच्या मध्ये एक मुका बसवावा तशा. टोकाचे जोड मात्र चाळीस पिनांचेच. हाताला ही पट्टी लगेच ओळखू येई, जुनीच्या मानाने तारा बारीक आणि पृष्ठभाग गुळगुळीत. निळं टोक मदरबोर्डाला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. निळ्या टोकात ३४ क्रमांकाची पिन जमिनीला टेकवलेली असे. तेवढ्यावरून संगणक ओळखे की पट्टी ऐंशीची आहे, आता ३३च्या वर जायला हरकत नाही. लांबी जास्तीत जास्त अठरा इंच. उंच कॅबिनेटात वरच्या खणात डिस्क बसवणारा याच अठरा इंचांना शिव्या देई.

आणि एवढं करून डिस्कच्या आत काय होतं? आयबीएमची २०००ची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही त्या वेळची वेगवान डिस्क, एटीए-१०० मिरवणारी. तबकडीवरून बिट उचलण्याचा तिचा कमाल वेग सेकंदाला ४४ कोटी ४० लाख बिट, म्हणजे आठाने भागून साडेपंचावन्न मेगाबाइट. पत्ते, मोकळी जागा, जादा बिट वजा जाता सलग वाचनाचा वेग ३७. म्हणजे एसटी-४१२चाच हिशेब, फक्त आकडे सत्तरपट. तार १००ची, डिस्क ३७ची. ७०० मेगाबाइटची एक सीडीभर फाइल तारेच्या हिशेबाने सात सेकंदांत यायला हवी; तबकडीच्या हिशेबाने एकोणीस लागतात. नाव सोनूबाई असायला हरकत नव्हती, पण हाती कथलाचा वाळा होता. तरी २००१मध्ये मॅक्सटरने एटीए-१३३ काढलाच. इंटेलने आपल्या चिपसेटांत तो कधी घेतला नाही.

आकड्यांचा हा खेळ बहुतेकांच्या अंगावर आला तो विंडोज एक्सपीच्या काळात. मुंबईतल्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या लॅमिंग्टन रोडवर, सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकांचा तो भराचा काळ. तक्रार ठरलेली: परवापर्यंत नीट चालणारं मशीन एकाएकी मंदावलं, सीडी लिहिताना अडकतं, गाणी तुटक वाजतात. अँटीव्हायरस चालवून होई, फॉरमॅटची तयारी होई. जाणता माणूस मात्र आधी डिव्हाइस मॅनेजर उघडे, प्रायमरी आयडीई चॅनलवर दोनदा टिचकी मारून ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाई. वरच्या चौकटीत लिहिलेलं असे ‘डीएमए इफ अव्हेलेबल’. त्याखालच्या, बदलता न येणाऱ्या राखाडी चौकटीत: ‘पीआयओ मोड’.

झालेलं असं. डिस्ककडून येणाऱ्या माहितीत सीआरसीच्या किंवा वेळ टळल्याच्या सहा चुका जमल्या की विंडोजचा ड्रायव्हर वेग एक पायरी उतरवे. चुका येत राहिल्या की आणखी एक. उतरत उतरत शेवटी पीआयओ. चुका एका दिवसातल्याच हव्यात असं नाही, महिन्यांचा साठा चाले. झोपवलेला संगणक जागा करताना डिस्क उठायला उशीर झाला, तरी ती एक चूक. खाली उतरलेला ड्रायव्हर आपणहून वर मात्र चढत नसे. तबकडी तीच, तार तीच, आणि १९८४प्रमाणे प्रोसेसर पुन्हा पोती वाहू लागलेला. उपाय विचित्र होता: तो चॅनलच अनइन्स्टॉल करायचा आणि संगणक पुन्हा चालू करायचा. विंडोजला तो नव्याने सापडे, जुनी खतावणी पुसली जाई, राखाडी चौकटीत ‘अल्ट्रा डीएमए मोड ५’ उमटे. मंत्र घातल्यासारखं वाटे. पट्टी सैल असेल तर महिन्याभरात गिऱ्हाईक पुन्हा दारात.

लिनक्स वापरणाऱ्यांचा सापळा निराळा. मार्क लॉर्ड यांच्या एचडीपार्म या छोट्या प्रोग्रॅमने डिस्कला थेट मोड सांगता येई, पण सांकेतिक आकड्यात. पीआयओसाठी मोडच्या क्रमांकात ८ मिळवायचे, मल्टिवर्डसाठी ३२, अल्ट्रासाठी ६४. ही मिळवणी प्रोग्रॅमची मर्जी नव्हती. मानकातल्या आज्ञेत तो बिट तिथेच बसतो. म्हणजे अल्ट्रा मोड दोनचा संकेत ६६. आणि ६६ लिहिणाऱ्याला वाटे, आपण एटीए-६६ चालू केला! मिळत होते ३३. एटीए-६६ म्हणजे अल्ट्रा मोड चार. त्याचा संकेत ६८.

७ जानेवारी २००३ला सिरिअल एटीएच्या पहिल्या मानकाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. रुंद पट्टी गेली, बोटाएवढी अरुंद केबल आली. वेग सेकंदाला दीड अब्ज बिट. लोकांनी सवयीने आठाने भागलं: १८७.५. उत्तर चुकलं, कारण इथे भागायचं होतं दहाने. तारेवर प्रत्येक बाइट आठाऐवजी दहा बिटांचा करून धाडतात, म्हणजे एकसारखे शून्य किंवा एकसारखे एक लागून घड्याळ भरकटत नाही. ही रीत आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाझेक यांनी १९८३मध्ये मांडलेली. दीड अब्जला दहाने भागून १५०. एटीए-१३३च्या पुढे जेमतेम सतरा मेगाबाइट. त्याच वर्षी आलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या १०,००० फेऱ्यांच्या रॅप्टर डिस्कला टोक सिरिअलचं होतं. आत एक दुभाषी चिप बसून जुन्या समांतर एटीएचं नव्या भाषेत रूपांतर करून देत होती.

सिरिअल एटीएवर ठोक्यांचे हिशेब निकामी झाले. पण आज्ञा जुन्याच ठेवल्या होत्या, म्हणजे आधीच्या विंडोजना आणि बायॉसना नवी डिस्क परकी वाटू नये. म्हणून डिस्क स्वतःची ओळख सांगताना जी यादी देते, त्यातली अल्ट्रा डीएमएची जागाही भरलेलीच राहिली. आज सेकंदाला पाचशे मेगाबाइट देणारी, तबकडीच नसलेली एसएसडी लिनक्सच्या संगणकात सिरिअल केबलने जोडा आणि सुरू होताना सरकणाऱ्या ओळी वाचा. एका ओळीत असतं, लिंक ६.० गिगाबिटवर जोडली गेली. त्याच्या थोडं पुढे, त्याच डिस्कबद्दल: ‘कॉन्फिगर्ड फॉर यूडीएमए/१३३’.